किनाऱ्यावर पाइपांचं लॅगिंग कसं करावं

पुणे-नाशिककडे लॅगिंग, म्हणजे पाइपाभोवती उष्णतारोधक थर, करतात ते उष्णता किंवा थंडावा वाचवण्यासाठी. कोकणात तेच काम आधी पाणी अडवण्यासाठी करावं लागतं, बचत त्यानंतर. मिरकरवाड्याचे बर्फाचे कारखाने, रत्नागिरी-देवगडचे आंबा कॅनिंगवाले, वेंगुर्ला-सावंतवाडीकडचे काजूचे बॉयलर, लोटे-महाडची रसायनं, मालवण-गणपतीपुळ्याची हॉटेलं, कुठलंही निकामी झालेलं लॅगिंग उघडा, आत ओल सापडतेच. कोरड्या रॉकवूलची (दगडापासून केलेल्या लोकरीची) उष्णतावाहकता ०.०४ वॅट प्रति मीटर-केल्व्हिनच्या आसपास असते, पाण्याची ०.६ आणि बर्फाची २.२. म्हणजे भिजलेलं लॅगिंग पाइपावर आहे म्हणायचं एवढंच. शिवाय ते लोखंडाला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतं, आणि ते फडकंही मिठाचं.

पाणी तीन वाटांनी येतं. लॅगिंगवर चढवलेल्या पत्र्याच्या जोडातून पावसाचं, गार पाइपाकडे ओढल्या जाणाऱ्या हवेतल्या वाफेचं आणि व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या गळक्या ग्लँडमधून किंवा फरशी धुताना उडालेलं. खाली जे काही सांगितलं आहे ते या तीन वाटा बंद करण्यासाठी. सामान्य नियम आयएस १४१६४ या भारतीय मानकात आहेत आणि कंत्राट देताना त्याचा उल्लेख करावाच, पण कंत्राटात आकडा लिहिल्याने जोड बंद होत नाही, तो उभं राहून बघावा लागतो.

काम कधी काढायचं

आंब्याचा बॉयलर एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत जोरात चालतो आणि मग लाइन थंड पडते. लॅगिंगच्या दृष्टीने यासारखी वाईट गोष्ट नाही. चालू लाइनीत थोडं पाणी शिरलं तर तापलेल्या पाइपावर ते उडून जातं. बंद लाइनीत शिरलेलं पाणी पावसाळाभर तिथेच मुरतं आणि पुढच्या हंगामात लाइन तापली की आधी त्याच कोमट, ओल्या, खारट अवस्थेतून जाते. साध्या लोखंडाला लॅगिंगखाली गंज लागण्याचा पट्टा ढोबळमानाने ० ते १७५ अंश सेल्सिअस, आणि त्यातही ५० ते ११० सर्वांत वाईट. म्हणून वर्षभर तापलेल्या लाइनीपेक्षा हंगामी लाइन लवकर जाते. अशा कारखान्यांनी काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावं. मे महिन्यात घाईने चढवलेला पत्रा पहिल्याच झडीत उघडा पडतो.

बर्फाच्या कारखान्याची पंचाईत वेगळी. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, प्लँट बंद मिळतो तो तेव्हाच, आणि हवेत पाणी सर्वाधिक असतं तेही तेव्हाच. इलाज नसेल तर शेडच्या उघड्या बाजूंना ताडपत्री सोडा, कामाच्या जागी दोन-तीन हॅलोजन लावून पाइप कोरडा आणि किंचित कोमट ठेवा, आणि एका दिवसात जेवढं पूर्ण सील होईल तेवढंच उघडा. संध्याकाळी अर्धवट टोक प्लास्टिकने बांधल्याशिवाय घरी जायचं नाही. रात्रभर उघडं राहिलेलं टोक सकाळी दमट असतं, आणि वर सील चढलं की ती ओल कायमची आत.

वाफेची लाइन

उदाहरणादाखल २ इंची (बाहेरून ६०.३ मिमी) वाफेची लाइन घेऊ, दाब ७ बार, तापमान १७० अंश. उघडी ठेवली तर मीटरमागे साधारण ५०० वॅट उष्णता हवेत जाते. ५० मिमी रॉकवूल चढवलं की ती ४०-४५ वॅटवर येते. हिशेब इतका एकतर्फी असल्यामुळे जाडीवर फार वाद घालण्यात अर्थ नाही, वाद पत्र्यावर घालावा.

आधी लाइनची हायड्रो टेस्ट (दाबाने पाणी भरून गळतीची तपासणी) करून घ्या. वेल्डिंगचे जोड झाकल्यावर गळती शोधणं म्हणजे सगळं काम पुन्हा. मग पाइप गोड्या पाण्याने धुवा. नुसता तारेचा ब्रश मारून चालत नाही, कारण समुद्राकडच्या हवेतलं मीठ पाइपावर बसलेलं असतं आणि रंग त्याच्यावर चढला की खालून फुगतो. पाइप सुकवून त्याच दिवशी प्रायमर लावा. इथे सर्रास रेड ऑक्साइड मारतात, ते लॅगिंगखाली टिकत नाही. गरम-ओल्या जागेसाठी इपॉक्सी-फिनोलिक रंग दोन हातांत घ्या, आणि डब्यावरची तापमानाची मर्यादा तुमच्या लाइनपेक्षा वर आहे ना ते वाचा. आंब्याच्या पल्पची लाइन स्टेनलेस ३०४ ची असेल तर ती गंजत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ६० अंशांच्या वर क्लोराइड आणि ओल एकत्र आली की या स्टीलला केसासारख्या चिरा जातात. तिथे कमी क्लोराइडचं रॉकवूल प्रमाणपत्रासह मागा आणि पाइपावर आधी अॅल्युमिनियम फॉइलचा एक वेढा द्या.

रॉकवूलच्या तयार अर्धगोल नळ्या, म्हणजे पाइप सेक्शन, १४४ किलो प्रति घनमीटर घनतेच्या घ्या. गादी, म्हणजे मॅट्रेस, गुंडाळून पैसे वाचतात, पण पाइपाच्या पोटाखाली ती लोंबते आणि तिथे पोकळी राहते. सेक्शन घट्ट बसले पाहिजेत, पण दाबून नव्हे. दाबलेली लोकर पातळ होते. शेजारच्या सेक्शनचे उभे जोड एका रेषेत येऊ देऊ नका. एकूण जाडी ७५ मिमीच्या वर असेल तर दोन थर, आणि वरच्या थराचा जोड खालच्याच्या जोडावर येणार नाही असे. बांधणीची तार दर २५० मिमीवर, स्टेनलेसची. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) तार किनाऱ्यावर तुटते आणि मग सेक्शन पत्र्याच्या आत सुटा फिरतो.

आता पत्रा. जीआय पत्रा समुद्रापासून जवळ लावूच नका. अॅल्युमिनियम २४ गेज (०.५६ मिमी) घ्या, आतल्या बाजूला पॉलिक्राफ्ट किंवा तशाच प्लास्टिकचा थर असलेला, म्हणजे ओली लोकर पत्र्याला आतून खात नाही. कापायची रुंदी अशी: बाहेरचा व्यास ६० अधिक दोन्हीकडचं लॅगिंग १००, म्हणजे १६०, गुणिले ३.१४, म्हणजे ५०२. त्यात ५० मिमी चढावा (लॅप, म्हणजे एका कडेवर दुसरी कड) मिळवून ५५२, कापताना ५५५ धरा. ३० मीटर लाइनला बेंड, फ्लँज (पाइप बोल्टने जोडायच्या चकत्या) आणि नासाडी धरून सुमारे २० चौरस मीटर पत्रा, वजनात ३० किलो. सेल्फ टॅपिंग स्क्रू साडेतीनशे ते चारशे, तेही स्टेनलेस.

आडव्या पाइपावर लांबीचा जोड घड्याळातल्या ४ किंवा ८ च्या जागी, वरची कड खालच्या कडेवर आणि तोंड जमिनीकडे. दोहोंतली कुठली बाजू? पावसाचा वारा नैऋत्येकडून येतो, त्याच्या आडोशाची. उभ्या पाइपावर खालून सुरुवात करायची आणि प्रत्येक वरचा तुकडा खालच्यावर किमान ५० मिमी चढवायचा, कौलं शाकारतात तसं. ज्याने उभी लाइन वरून खाली पत्रावली आहे त्याने पाण्यासाठी पन्हळीच करून ठेवल्या आहेत, आणि अशा लाइनी कमी नाहीत. लॅपच्या आत सिलिकॉनची रेघ ओढा आणि मग पत्रा दाबा. वरून नंतर फासलेलं सिलिकॉन उन्हाने सुटतं.

पाइप तापला की वाढतो. ३० अंशांपासून १७० पर्यंत मीटरमागे सुमारे १.७ मिमी, म्हणजे ३० मीटरला ५० मिमी. पत्रा मात्र जवळजवळ थंडच राहतो. म्हणून दर ५-६ मीटरवर एक गोल जोड स्क्रूशिवाय, ७५ मिमी चढावाचा, सरकता ठेवा. नाहीतर पहिल्या हंगामात पत्रा बेंडजवळ फाटतो आणि दोष पत्र्याच्या जाडीला दिला जातो.

खरी कसोटी टोकांवर असते. पाइप जिथे लॅगिंगमधून बाहेर येतो, फ्लँजजवळ, हँगरजवळ (पाइप टांगायच्या आधाराजवळ), प्रेशर गेजच्या नळीजवळ, तिथे पत्र्याची टोपी आणि सिलिकॉन हवंच. आडव्या लाइनच्या सर्वांत खालच्या जागी पत्र्याला ६ मिमीचं एक भोक पाडून ठेवा, शिरलेलं पाणी बाहेर पडायला. हे फक्त गरम लाइनीला! जांभ्याच्या भिंतीतून पाइप जात असेल तर मोठ्या व्यासाचा स्लीव्ह घाला, म्हणजे लॅगिंग सलग आरपार जाईल. जांभ्याचा चिरा पावसात ओल धरतो आणि भिंतीला टेकलेलं लॅगिंग ती शोषून घेतं. ताजं सिमेंट अॅल्युमिनियमला खातं, म्हणून स्लीव्हची गिलाई आधी, पत्रा नंतर.

फ्लँज आणि व्हॉल्व्ह उघडे ठेवण्याची खोड जात नाही, 'उघडावं लागतं' या सबबीवर. एक उघडा व्हॉल्व्ह साधारण एक मीटर उघड्या पाइपाएवढी उष्णता फेकतो. त्यावर बकल लावलेली दोन फाकांची पेटी किंवा सिलिकॉन-कापडाची शिवलेली गादी बसवा. पाइपाचं लॅगिंग फ्लँजपासून बोल्टच्या लांबीत २५ मिमी मिळवून तेवढं अलीकडे थांबवा, म्हणजे बोल्ट काढताना लोकर ओरबाडली जात नाही. थर्मोडायनॅमिक स्टीम ट्रॅपला (वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या, चकतीच्या झडपेला) आणि सेफ्टी व्हॉल्व्हला मात्र झाकू नका. ट्रॅपची चकती उघडायला वरच्या टोपीतून उष्णता जावी लागते.

गार लाइन, जिथे बहुतेक काम बिघडतं

गरम लाइनीत चूक झाली तर जळण जास्त लागतं. गार लाइनीत चूक झाली तर लॅगिंगच नष्ट होतं, कारण आत शिरलेल्या वाफेला परत जायला वाट नसते.

पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरा, दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, येतो २७.२ अंश. म्हणजे लॅगिंगचा बाहेरचा पृष्ठभाग हवेपेक्षा जेमतेम पावणेतीन अंश गार चालतो, त्याखाली गेला की घाम सुटला. आर्द्रता ९० टक्के झाली की ही सूट पावणेदोन अंशांवर येते. ३० अंश आणि ५० टक्क्यांना दवबिंदू साडेअठरा असतो. म्हणून घाटावरचा जाडीचा तक्ता इथे उतरवून चालत नाही.

अमोनियाची सक्शन लाइन (गार वायू कॉम्प्रेसरकडे परत नेणारी) घ्या, उणे १५ अंश, पाइप बाहेरून ८९ मिमी. पफचे (पॉलियुरेथेन फोमचे) सेक्शन वापरले तर ८५ टक्क्यांसाठी ४५-५० मिमी पुरतात, ९० टक्क्यांसाठी ६५ लागतात. ७५ मिमी घ्या, दोन थरांत. एकाच जाड थराचे जोड सरळ पाइपापर्यंत जातात आणि वाफेला तेवढंच हवं असतं. थर्माकोल चालतो, पण त्याची वाहकता पफपेक्षा जवळजवळ दीडपट, आणि कमी घनतेचा दाणेदार थर्माकोल दोन-तीन वर्षांत पाण्याने जड होतो.

इथला क्रम असा. प्लँट थांबवा, पाइप खोलीच्या तापमानाला येऊ द्या, बर्फ आणि पाणी पूर्ण जाऊ द्या. गंज काढून, धुऊन, इपॉक्सीचा हात द्या. पहिल्या थराचे सर्व जोड डांबरी मॅस्टिक (घट्ट लेप) किंवा पफच्या चिकटपदार्थाने भरून बसवा, रिकामी फट दिसली तर पफचा कीस भरून नव्हे, तुकडा कापून बसवून बुजवा. दुसरा थर जोड चुकवून. मग सर्वांत महत्त्वाची गोष्ट: बाहेरच्या, म्हणजे हवेकडच्या बाजूला अखंड व्हेपर बॅरियर, म्हणजे वाफ अडवणारा थर. मॅस्टिकचा एक हात, त्यात ग्लास कापड रुतवून, वर दुसरा हात, एकूण ३ मिमी सुकलेली जाडी. बेंडवर कापड पट्ट्या करून लावा, नाहीतर सुरकुतीतून फट राहते. दर ३-४ मीटरवर आणि प्रत्येक फ्लँजच्या दोन्ही बाजूंना हे मॅस्टिक-कापड लॅगिंगच्या तोंडावरून खाली पाइपापर्यंत उतरवा. असा अडसर असला की एका ठिकाणी भोक पडलं तरी ओल तेवढ्याच तुकड्यात राहते, सगळी लाइन जात नाही.

त्यावर पत्रा चढवताना स्क्रू मारायचा नाही. एका स्क्रूने बॅरियरला भोक, आणि एका पत्र्याला वीस स्क्रू. स्टेनलेस किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या दर ३०० मिमीवर आवळा. पाणी काढायचं भोकही इथे नको. आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट: चकचकीत अॅल्युमिनियम आजूबाजूची उष्णता कमी घेतो, म्हणून त्याचा पृष्ठभाग मंद रंगाच्या पृष्ठभागापेक्षा गार राहतो आणि लवकर घामेजतो. शेडमधल्या गार लाइनीचा पत्रा रंगवलेला असावा.

हँगर हे दुसरं मोठं भोक. क्लँप थेट पाइपाला आवळून बाजूने लॅगिंग केलं की क्लँप स्वतःच गार होतो आणि त्याच्याभोवती बर्फाचा गोळा धरतो. पाइपाखाली दाट पफचा किंवा डांबरात बुडवलेल्या लाकडाचा ठोकळा घाला, बॅरियर त्याच्यावरून सलग न्या आणि क्लँप बाहेरून, खाली १५०-२०० मिमी लांबीची पत्र्याची खोगीर देऊन.

पफ आणि थर्माकोल दोन्ही जळतात. लॅगिंग झाल्यावर शेजारी वेल्डिंग काढणं हे आगीचं नेहमीचं कारण आहे. पाइपचं काम संपल्याची खात्री झाल्यावरच माल साइटवर आणा.

एसी आणि सोलर

पाच सूत तांब्याची सक्शन नळी, आत ५ अंशांचा गॅस. नायट्राइल रबराची ९ मिमी स्लीव्ह घाटावर भागते, इथे खोलीबाहेर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये हमखास ठिबकते. ८५ टक्के आर्द्रतेला हिशेबाने २० मिमी येते, म्हणजे १९ मिमी काठावर, आणि बंद सीलिंगमध्ये, जिथे हवा हलत नाही तिथे, २५ मिमी हवी. बऱ्याच स्प्लिट एसींमध्ये कॅपिलरी (गॅसचा दाब उतरवणारी अगदी बारीक नळी) बाहेरच्या युनिटमध्ये असते, त्यामुळे बारीक नळीही गारच असते. दोन्हींना स्वतंत्र स्लीव्ह घाला. दोन नळ्या एकत्र धरून वरून टेप करकचून आवळण्याची पद्धत म्हणजे १९ मिमीचे पैसे देऊन १० मिमी घेणं. ड्रेनचा पाइपही सीलिंगमधून जात असेल तर त्यालाही ९ मिमी द्या.

शक्य तिथे स्लीव्ह अखंड सरकवा, चिरू नका. चिरावीच लागली तर दोन्ही कडांना चिकटपदार्थ लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग दाबून जोडा. ओला असतानाच जोडला तर उघडतो. स्लीव्ह ताणून पुरवू नका, ती नंतर आखडते आणि जोडात बोटभर फट पडते. चिकटवल्यावर किमान २४ तास एसी बंद. बाहेरच्या भागाला ऊन लागतं आणि उंदीर-मुंग्या लागतात, म्हणून पीव्हीसी चॅनेल किंवा पत्रा घाला.

सोलर वॉटर हीटरच्या गरम पाइपाला १३ मिमी पुरे, वर ऊन न खाणारा टेप. एक लक्षात घ्या, टाकीपासून न्हाणीपर्यंत २० मिमी आतल्या व्यासाच्या १५ मीटर पाइपात साधारण पावणेपाच लिटर पाणी उभं असतं. रात्रभर उभं राहिलेलं हे पाणी कितीही लॅगिंग केलं तरी गार होणारच. तक्रार सकाळच्या पहिल्या बादलीची असेल तर पाइप बारीक करा किंवा टाकी जवळ आणा.

तपासणी

मेच्या मध्यात एकदा सगळी लाइन चालून बघा: उघडलेले लॅप, सुटलेलं सिलिकॉन, वर चढून कोणी पाय देऊन चेपलेला पत्रा. चेपलेल्या खोलगट जागी पाणी साचतं, तो तुकडा बदला. पावसानंतर सर्वांत खालच्या बेंडजवळ आणि आधाराजवळ पत्रा सोडवून हात घाला. लोकर ओली, बसलेली, पिवळट झाली असेल तर वाळवत बसू नका, मीठ आतच राहतं; फेका आणि पाइपाची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजून घ्या. गार लाइनीत एखादाच पट्टा घामेजत असेल तर जाडी कमी नाही, तिथे बॅरियर फुटलेला आहे. सगळी लाइनच घामेजत असेल तर जाडी कमी. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पत्र्यावर धरला तर खोटा आकडा देतो, आधी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटांनी त्यावर मोजा. गरम लाइनीवर ६० अंशांच्या वर आलं तर आत पोकळी किंवा ओल आहे.

जुन्या कारखान्यात पांढऱ्या, खडूसारख्या कडक लॅगिंगला हातोडा लावण्याआधी थांबा. ते अॅस्बेस्टॉस असू शकतं. नमुना तपासून येईपर्यंत ते सुकं फोडायचं नाही, झाडायचं नाही, आणि त्याच्याखालच्या पाइपाचं कामही काढायचं नाही.